पहिल्या मशिनची हवा

"आधी त्या बाईच्या हातांचे नमुने घ्या," हेमराज वाणी म्हणाला. "हवा-बिवा नंतर."

मी अजून गाडीतून माझी पेटीसुद्धा उतरवली नव्हती. लॅबचा हा मॅनेजर फाटकातच उभा होता, हात मागे बांधून. पाणी विचारायचीही पद्धत पाळली नाही त्याने. त्याने बोट दाखवलं तिकडे मी पाहिलं. चपला ठेवायच्या लाकडी मांडणीशेजारी, ओट्याच्या कडेला एक बाई बसली होती. चाळिशीची, अंगाने सडसडीत, पदर घट्ट खोचलेला. आत कामाला जाणाऱ्या बाया चपला काढायला तिथेच येत होत्या आणि तिच्यापासून शक्य तितक्या लांब वाकून काढत होत्या. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ती मात्र प्रत्येकीकडे बघत होती.

"आठ दिवसांपासून बाहेरच बसवलीय," हेमराज म्हणाला. "आत घेतलं तर आणखी माल घालवेल."

याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा जळगावात तपासणीचं छोटंसं दुकान चालवत होते. दुकानच म्हणते मी त्याला. पाणी, दूध आणि हवा. हवा तपासते म्हटलं की लोकांना हसू यायचं. खरं तर काम साधं असतं. एक चपटी, झाकणाची प्लेट, तिच्यात जेलीसारखं खाद्य. झाकण काढून ती ठरावीक वेळ उघडी ठेवायची. हवेतून जे पडेल ते त्या जेलीवर रुजतं आणि काही दिवसांनी ठिपक्यांच्या रूपाने डोळ्यांना दिसायला लागतं. ठिपके मोजायचे आणि हवा कशी आहे ते सांगायचं. त्यात कुणाची बाजू घ्यायला जागाच नसते, असं मी तेव्हा समजत होते.

रावेरच्या रस्त्यावरची ही लॅब लोटनशेठ भंगाळे यांची. केळीची रोपं बाटल्यांत वाढवायची लॅब. बाया मशिनसमोर बसून चिमट्याने आणि ब्लेडने कोंब कापतात, नव्या बाटलीत लावतात. मशिन म्हणजे पुढून उघडं असं कपाट, ज्यात वरच्या जाळीतून ओढलेली हवा गाळून खाली सोडलेली असते, म्हणजे कापताना बाटलीत काही पडू नये. पडलंच तर दोन-चार दिवसांत बाटलीत बुरशीची लव येते आणि 'बाटली गेली' म्हणतात. दसऱ्यानंतर इथे बाटल्या जायला लागल्या होत्या, त्याही साध्या नाही, हिरव्या-काळ्या बुरशीने भरून. ज्या गेल्या त्या सगळ्या एकाच मशिनवरच्या. पहिल्या मशिनवरच्या. आणि पहिल्या मशिनवर बसायची ही ओट्यावरची बाई, कोकिळाबाई सपकाळे.

पहिलं मशिन म्हणजे मान होता तिथे. लोटनशेठांनी केळीच्या वावरातून उठून ही लॅब काढली तेव्हा घेतलेलं ते पहिलं मशिन. जिचा हात सगळ्यांत चांगला तिलाच तिथे बसवायचे. हे मला हेमराजनेच सांगितलं, पण अशा सुरात की जणू तोच तिचा गुन्हा होता.

"तिला उठवल्यापासून एक बाटली गेलेली नाही," तो म्हणाला. "आणखी काय पुरावा पाहिजे? आमची खात्री झालीय, तुम्ही फक्त कागदावर आणा."

"आता त्या मशिनवर कोण बसतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. बाया बसायला तयार नाहीत. तिच्या हातचं आपल्या हाताला लागेल म्हणतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मशिन बंद, तिथे काम बंद, म्हणून बाटल्या जाणंही बंद, आणि हा माणूस त्याला पुरावा म्हणतोय. पण मी पेटी उचलली. गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत मूर्ख म्हणायचं नसतं, एवढं धंद्याने मला शिकवलं होतं.

आम्ही आत गेलो. कपडे बदलले, टोप्या घातल्या. मशिनांची लांब रांग, प्रत्येकापुढे बाई, कुणी मान वर करत नव्हतं. पहिलं मशिन रिकामं होतं. त्याच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक अजून होतं आणि वरच्या कोपऱ्याला झेंडूच्या माळेचा नुसता दोरा लोंबत होता. त्यात मला काही नवल वाटलं नाही. खंडेनवमीला मीसुद्धा माझ्या सूक्ष्मदर्शकाला फूल वाहायचे आणि त्या दिवशी त्याला हात लावायचे नाही.

कोकिळाबाईला आत बोलावलं. मी कापसाचा बोळा तिच्या बोटांवरून, नखांच्या कडांवरून फिरवला, टोपीबाहेरच्या केसांवरून फिरवला. ती हात पुढे करून उभी होती आणि रांगेतल्या सगळ्या पाठी आमचं ऐकत होत्या. हेमराज शेजारीच उभा राहून बोळा कुठे फिरवायचा ते मला सांगत होता. मी त्याला दोनदा गप्प केलं.

"मॅडम," ती म्हणाली, "पानी पिऊ का मी, का तेबी तपासाचं हाये?"

खरं सांगायचं तर मला तिचाही राग आला. मी काही तिची वैरीण नव्हते. पण तिच्या दृष्टीने मीच होते. तिच्या नखांत घाण शोधायला जळगावहून कुणी बाई गाडी करून आली होती, आणि ती मी होते.

मग राहिली तोंडाची तपासणी. बोलताना तोंडातून बारीक थेंब उडतात, ते प्लेटवर घ्यायचे. त्यासाठी मी दुसऱ्या मशिनवरच्या बाईला उठवलं, ते मशिन चालूच ठेवलं, म्हणजे खोलीतली हवा प्लेटवर पडणार नाही, पडेल ते फक्त बोलणाऱ्याचं. मी झाकण काढून प्लेट कोकिळाबाईच्या तोंडापुढे धरली आणि तिला बोलायला सांगितलं.

"काय बोलू?"

"काहीही. नाव, गाव."

"बोल ना," हेमराज म्हणाला, "माझ्या हातानं बाटल्या गेल्या. खरं तेच बोल."

कुणीतरी मागे हसलं. कोकिळाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात उघडी प्लेट होती. मी त्याला तिथून हाकलायला हवं होतं, पण हात अडकलेले, वेळ मोजायचा, आणि मी नुसती गप्प उभी राहिले. मग ती प्लेटवर वाकली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"माह्या हातानं बाटल्या नही गेल्या."

थांबली आणि पुन्हा तेच बोलली. मी झाकण लावेपर्यंत तेच बोलत राहिली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. शेवटी शेवटी तिचा घसा बसला होता. मी प्लेटवर तिचं नाव लिहिलं.

"आता पहिलं मशिन चालू करा," मी हेमराजला म्हटलं. "त्याच्यात प्लेटा ठेवायच्यात."

"ठीक आहे, बसवतो तिला."

"तिला नाही. कुणालाच नाही. रिकामंच."

तो माझ्याकडे बघतच राहिला. रिकाम्या मशिनला काय हात असतात का, असं त्याने विचारलं. पैसे कोण देतंय हेही विचारलं. मी पेटीचं झाकण बंद केलं आणि म्हटलं, मग मी निघते, तुम्हीच लिहा कागद, सही पण तुम्हीच करा. त्याने चिडून शेठना फोन लावला. शेठनी फोनवरून काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण हेमराजने स्वतःच जाऊन पहिल्या मशिनचं बटण दाबलं, ते असं की भिंत हलावी. रिकाम्या मशिनमध्ये, त्याच्या शेजारच्या मशिनांत आणि खोलीच्या कोपऱ्यांत मी प्लेटा मांडल्या. तासभर कुणी माझ्याशी बोललं नाही.

निघताना कोकिळाबाई पुन्हा ओट्यावरच होती. घरी का जात नाही, असं मी विचारलं.

"घरी गेली तं म्हनतीन, चोर पयाली," ती म्हणाली. "तुमी जा. तुमचं काम झालं."

मी गाडीत बसले. ड्रायव्हर मुळात बडबड्या. त्याने चहाच्या टपरीवर सगळी माहिती काढली होती. या पट्ट्यात अशा लॅब मोजक्याच, मालक सगळे एकमेकांचे सोयरे. बाईच्या हाताला बुरशी आहे असं एकदा पसरलं की तिला कुठल्याच मशिनवर बसू देणार नाहीत, आणि नवरा अंथरुणाला खिळलेला. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. मला ते ऐकायचं नव्हतं. ठिपके मोजताना असलं काही डोक्यात असलं की डोळे फसतात.

प्लेटा उबेच्या पेटीत ठेवल्या आणि रोज बघत होते. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली आणि मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. माझे डोळे फसायची काही भीतीच उरली नव्हती.

पुढच्या खेपेला लोटनशेठ स्वतः होते. पांढरं धोतर, वर कडक इस्त्रीचा सदरा, बोलायला मऊ आणि नजर अजिबात मऊ नाही. मी त्यांच्या टेबलावर प्लेटा मांडल्या. कोकिळाबाईच्या हाताची जवळजवळ कोरी होती. माझ्या स्वतःच्या हातांचीसुद्धा इतकी स्वच्छ निघत नाही, हे मी मुद्दाम सांगितलं. केसांची चांगली. तोंडाच्या प्लेटवर दुधाळ ठिपके होते थोडे, जे कुणाच्याही तोंडातून येतात, तुमच्या-माझ्याही. बुरशीचा एक ठिपका नाही. आणि शेवटी मी रिकाम्या पहिल्या मशिनची प्लेट ठेवली. तिच्यावर जेली दिसतच नव्हती. हिरव्या-काळ्या लवेने ती काठोकाठ भरली होती.

शेठनी ती प्लेट उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "ताई, तुमी पन बाईमानूस, ते पन बाईमानूस."

"म्हणजे?"

"म्हंजे प्लेटा अदलाबदल व्हाले किती वेळ लागते? का कोन्या दुसऱ्या लॅबवाल्यानं धाडलं तुमाले? मह्या ऑर्डरीवर लई लोकायचा डोया हाये."

इतक्या वर्षांत मला कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. मी म्हटलं, "शेठ, मशिनचं वरचं झाकण उघडा. आत्ता, तुमच्यासमोर. आत काही निघालं नाही तर मी या प्लेटा तुमच्या अंगणात फोडते आणि पुन्हा हवेचं नाव घेत नाही."

रागाच्या भरात बोलले. आत काय निघेल हे मला तरी कुठे माहीत होतं. हवा गाळणाऱ्या फिल्टरमध्येच बिघाड आहे एवढं नक्की होतं, पण कशाने, ते नव्हतं. फिल्टर कोरडा असला तर बुरशी त्यात जगत नाही. कुठूनतरी त्याला पाणी मिळालं असलं पाहिजे, आणि त्या खोलीत छत गळत नव्हतं, नळ नव्हता.

आम्ही सगळे आत गेलो. लॅबचा मेकॅनिक स्टुलावर चढला, वरच्या जाळीचे स्क्रू काढले आणि जाळी उचलल्याबरोबर त्याने तोंड फिरवलं. वास खाली आमच्यापर्यंत आला. खवट, आंबूस. बंद घरात राहिलेल्या खोबऱ्याचा वास असतो तसा. त्याने जाळी खाली आणून टेबलावर ठेवली. जाळीखालचा स्पंज, म्हणजे फिल्टरचा पहिला थर, काळा पडला होता आणि त्यावर लव वाढली होती. मधोमध कुंकवाचा लाल ओघळ वाळला होता. त्या ओघळात करवंटीची कपची अडकली होती, खोबऱ्यासकट. नारळाचे दोन-चार केस.

"हे इथं कसं आलं?" मी विचारलं.

एवढ्या बायांचे चेहरे एकदम शेठकडे वळलेले मी पाहिले, आणि तितक्याच चटकन परत फिरलेले पाहिले. बाकीचं मला हळूहळू समजलं, काही तिथेच, काही नंतर. दरवर्षी खंडेनवमीला नारळ बाहेरच्या पायरीवर फुटायचा आणि आत फक्त फुलं यायची. यंदा फार मोठी ऑर्डर मिळाली होती. शेठ आनंदात होते, पहिल्या मशिनमुळे सगळं मिळालं म्हणाले, आणि नारळ त्यांनी मशिनच्या वरच्या लोखंडी कडेवरच फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पूजेचं म्हणून मशिन दुसऱ्या दिवसापर्यंत बंद होतं. नारळाचं पाणी जाळीतून निवांत खाली फिल्टरमध्ये झिरपत गेलं.

"उंदरानं नेला असंल तुकडा," हेमराज म्हणाला.

"उंदीर कुंकू लावून आला होता का?" मी म्हटलं.

शेठ स्पंजाकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला नव्हता, ताठ झाला होता. "देवाच्या नारळानं कधी वाईट होत नही," ते म्हणाले.

"देवाबद्दल माझी काही तक्रार नाही, शेठ. पाण्याबद्दल आहे."

ते वळले. फिल्टर बदलून घ्या, असं मेकॅनिकला सांगितलं. हेमराजला म्हणाले, त्या बाईला उद्यापासून ये म्हणावं. एवढं बोलून ते दाराकडे निघाले, आणि दारात कोकिळाबाई उभी होती. तिला कुणी बोलावलं ते मला माहीत नाही. बाहेरच्या चपला तशाच पायात होत्या, डोक्याला टोपी नव्हती.

"अशी आत कशी आली?" हेमराज ओरडला.

ती शेठशीच बोलली.

"शेठ, मले बाहीर बसवलं ते सगळ्यायसमोर बसवलं. आन आत घ्याचं तं हेमराजभाऊच्या हाती निरोप?"

"ये म्हनलं ना उद्यापासून," शेठ म्हणाले. "पगार बी कापनार नही."

"पगार नही मागत मी. ह्या मॅडमनं माह्या तोंडापुढं प्लेट धरली. हेमराजभाऊ म्हने, बोल, माह्या हातानं बाटल्या गेल्या. मी खरं ते बोलली. आता तुमी बोला. माह्या नारयानं बाटल्या गेल्या. एवढंच बोला, ह्या बायायसमोर. उद्या सकायी मी मशिनवर बसते."

बायांनी हातातले चिमटे खाली ठेवले होते. मी माझी पेटी उघडली, एक कोरी प्लेट काढली आणि दुसऱ्या मशिनपुढच्या बाईला खुणेने बाजूला केलं. हे माझं काम नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिच्या तोंडापुढे प्लेट धरून मी गप्प राहिले होते ते मला सलत होतं, आणि मला त्या माणसाचा मनापासून राग आला होता. मी झाकण काढलं.

"या, शेठ," मी म्हटलं. "इथे बोलायचं."

ते आले. मला वाटलं नव्हतं येतील, पण आले. मशिनपुढे उभे राहिले, किंचित वाकले. गोऱ्या कपाळावर घाम दिसत होता. बायांकडे पाठ होती त्यांची, त्यामुळे त्यांचा चेहरा फक्त मलाच दिसत होता. तोंड उघडतील असं मला एकदा वाटलं. त्यांची नजर पहिल्या मशिनवरच्या स्वस्तिकावर गेली, तिथून स्पंजाकडे, तिथून कोकिळाबाईच्या चपलांकडे. ओठ घट्ट मिटलेले होते. प्लेट उघडीच होती. तिच्यासाठी मी जेवढा वेळ धरली होती तेवढाच वेळ मी त्यांच्यासाठी धरली, घड्याळात बघून, एक क्षण कमी नाही. मग ते सरळ झाले, सदऱ्याची बाही ओढली आणि कुणाकडे न बघता बाहेर निघून गेले.

कोकिळाबाई दारातून बाजूला झाली, त्यांना वाट दिली आणि त्यांच्यामागे शांतपणे बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. त्यानंतरही कधी गेली नाही.

हेमराजने गावभर सांगितलं की फिल्टर जुना झाला होता. पण त्या खोलीत तेवढ्या बाया होत्या, आणि त्यांनी पुढच्या बाजाराच्या दिवशी नारळाची गोष्ट अशी फिरवली की रावेरपासून फैजपूरपर्यंत पोरासोरांना पाठ झाली. ज्या बाया तिच्यापासून लांब वाकून चपला काढत होत्या त्याच. त्यांना मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही. फैजपूरच्या पुढे एका लॅबने कोकिळाबाईला बोलावून घेतलं. तिथे हवा तपासायला मी गेले तेव्हा ती मशिनवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळख दिली नाही आणि पुन्हा ब्लेड उचललं. मला त्याचं वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

शेठच्या प्लेटवर मी नाव घालून तीसुद्धा बाकीच्यांबरोबर उबेत ठेवली होती. काम अर्धं सोडायची मला सवय नाही. ती मी रोज बघत होते, आठवडा गेला तरी बघत होते. तिच्यावर शेवटपर्यंत काही आलं नाही, दुधाळ ठिपकासुद्धा नाही. शेठना पाठवलेल्या अहवालात मी सगळ्या प्लेटांचे आकडे लिहिले, नावांसकट. त्या सगळ्यांत पूर्ण कोरी निघालेली प्लेट ती एकच होती.